दाव्यापुरता रकाना

गेले काही महिने एक विषय डोक्यात घोळतो आहे. विषय कायद्याचा आहे, पण घाबरू नका मंडळी, मी वकील नाही. मराठी घेऊन बी.ए., मग बी.एड. आणि पुढे सगळी नोकरी शाळेत. त्यामुळे कायद्याचं कलम हाती आलं की मी आधी त्यातलं क्रियापद शोधते आणि मग "परंतु" कुठे आहे ते बघते. सगळी मेख बहुधा त्या "परंतु"पाशी असते. आजचं लिखाणही अशाच एका "परंतु"बद्दल आहे.

माझी एक भाची नेदरलँड्समध्ये नोकरी करते. फोनवर बोलताना सहज म्हणाली, "मावशी, इथे माणसाचा धर्म, वंश, आजार असलं काही नोंदवून ठेवायचं तर मुळात मनाईच आहे. खास कारण दाखवावं लागतं. तुमच्याकडे शाळेच्या दाखल्यावर जात छापतात आणि त्याची झेरॉक्स सगळीकडे वाटत फिरतात!" मी म्हटलं, "अगं, तो रकाना नसता तर आपल्या तालुक्यातली कितीतरी मुलं डॉक्टर, इंजिनिअर झालीच नसती." तिला कामावर जायचं होतं, बोलणं तिथेच राहिलं. पण मला नंतर वाटत राहिलं, की दोघींचंही बरोबर आहे. मग या दोन बरोबर गोष्टी एका घरात नांदवायच्या कशा?

आधी त्या रकान्याबद्दल सांगते. शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही असते, तिला आम्ही सगळे जनरल रजिस्टरच म्हणतो. दोन हातांनी उचलावं लागणारं, कापडी पाठीचं. अनुक्रमांक, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव (हे पुष्कळ उशिरा आलं), धर्म, जात, पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, सोडल्याची तारीख आणि कारण. पहिलीत आलेल्या पोराला यातलं काही ठाऊक नसतं. पालक सांगतात, गुरुजी लिहितात, आणि ते लिहिलेलं त्या पोराच्या नातवापर्यंत पुरतं. कारण हे रजिस्टर कायम जतन करायचं असतं, आणि त्यातली नोंद कुणाला वाटलं म्हणून खोडता येत नाही, शिक्षण खात्याची परवानगी लागते.

आता हे जुनं बाड कशासाठी लागतं? तर जातीच्या दाखल्यासाठी आणि त्याच्या पडताळणीसाठी. आपल्या राज्यात त्यासाठी तारखा ठरलेल्या आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा पुरावा हवा. मग बारावीच्या निकालानंतर घराघरांत शोध सुरू होतो. आजोबा शाळेत गेले होते का? कुठल्या? ते रजिस्टर आहे का? नसेल तर कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद, जमिनीचे जुने कागद, तेही मोडीत असले तर वाचणारा माणूस शोधा. शाळेत असताना असे कितीतरी लोक मी पाहिले आहेत. कुणी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने यायचं, चप्पल दाराबाहेर काढून उभं राहायचं. क्लार्कने पान उलटता उलटता आजोबांचं नाव वाचलं, की कित्येकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. नोंद जातीची असायची, पण आपल्या घरातला पहिला माणूस या बाकावर बसला होता हे त्यातून कळायचं.

म्हणून सांगते, तो रकाना मला कधी नुसता कलंक वाटला नाही. ज्या जातीपायी माणसांना शतकानुशतकं दाराबाहेर ठेवलं, तीच जात सिद्ध करून आत यायचा हक्क राज्यघटनेने दिला. हक्क सिद्ध करायचा तर जात सांगावीच लागणार. दुखणं दाखवल्याशिवाय वैद्य औषध कसं देणार?

पण भाचीचं म्हणणंही नीट समजून घेऊ. युरोपात त्या रकान्याची एवढी धास्ती का?

नेदरलँड्समध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून लोकसंख्येच्या नोंदी फार टापटिपीने ठेवत. त्यात माणसाचा धर्मही लिहिलेला असे. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. १९४० साली जर्मन फौजा आल्या आणि तीच टापटीप ज्यूंना घरोघर हुडकायला कामी आली. २७ मार्च १९४३ च्या रात्री काही लोकांनी ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयावर हल्ला केला आणि ती कार्डं जाळायचा प्रयत्न केला. त्यांत चित्रकार होते, शिल्पकार होते. बरीच कार्डं तरीही वाचली. पुढे पकडल्या गेलेल्यांपैकी बारा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. कागदावरचा एक रकाना पुसण्यासाठी माणसांनी जीव दिला, हे इतिहास शिकवताना मी मुलांना सांगत असे. वर्गात अगदी शांतता पसरायची.

अशा आठवणी असलेल्या लोकांनी केलेला कायदा आहे तो. २५ मे २०१८ पासून युरोपीय संघात लागू आहे, जीडीपीआर म्हणतात त्याला. त्याच्या नवव्या कलमात माहितीची एक खास यादी आहे : वंश, राजकीय मतं, धर्म किंवा श्रद्धा, कामगार संघटनेचं सदस्यत्व, आनुवंशिक माहिती, बोटांच्या ठशांसारखी ओळख पटवणारी माहिती, आरोग्य, लैंगिक जीवन. जात हा शब्द त्यात नाही, पण आपल्याला ठाऊक आहे की जात सांगितली की धर्म आणि कूळ मागोमाग येतंच. ही माहिती वापरायला सरळ मनाई. आणि मग येतो तो "परंतु". त्यातल्या अपवादांपैकी एक आजच्या कामाचा आहे : कायदेशीर हक्क सांगायचा असेल, बजावायचा असेल, किंवा आपल्यावर झालेल्या दाव्याचा बचाव करायचा असेल, आणि त्यासाठी ही माहिती आवश्यक असेल, तर ती वापरता येते. कोर्टात येते, सरकारी कार्यालयापुढच्या कामात येते, कोर्टाबाहेरच्या वादातही येते.

मला हा अपवाद फार शहाणपणाचा वाटला. कारण नुसती मनाई असती तर फायदा कुणाचा झाला असता? ज्याने अन्याय केला त्याचा. कामावरून धर्मामुळे काढलं असं म्हणणाऱ्याला आपला धर्म सांगता आला नसता, आणि भरपाई मागणाऱ्याला आपलं दुखणं दाखवता आलं नसतं.

पण त्या वाक्यातला कळीचा शब्द "आवश्यक" हा आहे. सोयीचं नव्हे, उपयोगी पडेल म्हणून नव्हे, हाताशी आहे म्हणून तर नव्हेच. आणि दुसरी गोष्ट, अपवाद मिळाला म्हणजे बाकीचे नियम सुटले असं तिकडे होत नाही. लागेल तेवढीच माहिती घ्यायची, लागेल तेवढाच काळ ठेवायची आणि सांभाळून ठेवायची, हे बंधन कायम राहतं. दार उघडलं तरी घराचे नियम तेच.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर पनवेलमधलंच बघू. द्रुतगती मार्ग आपल्या कळंबोलीपासून सुरू होतो. अपघात आणि नुकसानभरपाईचे दावे आपल्याला नवे नाहीत. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा (ओळख पटेल असं काही लिहीत नाही) असाच दावा होता. पाय कायमचा अधू झाला होता. त्याच्या बाजूने घाईघाईत रुग्णालयातलं सगळं बाड जोडलं गेलं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. त्यात अपघाताच्या पाच वर्षं आधी त्याने मनाच्या आजारासाठी घेतलेल्या औषधांचे कागदही होते. समोरच्या वकिलाला ते सापडले. दावा होता पायाचा आणि चर्चा झाली औषधांची. भर सुनावणीत, बाहेर सासरची माणसं बसलेली असताना! भरपाई त्याला मिळाली. पण तो मला म्हणाला, "बाई, पाय गेला ते सगळ्यांनी बघितलं होतंच. बाकीचं कुणाला माहीत नव्हतं, ते आता माहीत झालं."

यात कुणी कायदा मोडला असं मी म्हणत नाही. पण "आवश्यक" हा शब्द त्या बाडावर कुणी धरून पाहिला असता तर दहा पानं पुरली असती, ऐंशी लागली नसती.

आता पुन्हा जातीकडे येते. आपल्याकडच्या पडताळणीची आजची पद्धत मुख्यतः सर्वोच्च न्यायालयाच्या २ सप्टेंबर १९९४ च्या एका निकालातून आली. प्रकरण महाराष्ट्रातलंच. दोन बहिणींनी महादेव कोळी जमातीच्या म्हणून वैद्यकीय शिक्षणासाठी राखीव जागेवर प्रवेश घेतला होता. नातेवाइकांच्या जुन्या शाळेच्या नोंदीत "हिंदू कोळी" असं निघालं. न्यायालयाने दावा मानला नाही, आणि खरे लाभार्थी डावलले जाऊ नयेत म्हणून सगळ्या देशासाठी पद्धत घालून दिली : समिती असावी, दक्षता पथक असावं, पथकाने घरी जावं, शाळेत जावं, चौकशी करावी. पुढे आपल्या राज्याने त्यासाठी कायदा केला, तो २००१ पासून लागू झाला. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा पळवणाऱ्यांचा सुळसुळाट होता, तेव्हा याची गरज होती हे मला पूर्ण मान्य आहे.

पण त्या बहिणींपैकी एकीचं नाव आज देशातल्या या विषयाच्या प्रत्येक वकिलाला पाठ आहे, कारण निकाल तिच्या नावाने ओळखला जातो. प्रवेश घेणारी मुलगी होती ती. दाखला घरच्यांनी काढलेला असणार. तीस वर्षं उलटली तरी तिची जात, तिच्या वडिलांची जात, घराण्याच्या नोंदी सगळ्या खुल्या. मी तिचं नाव इथे लिहीत नाही. मुद्दा समजायला त्याची गरजच नाही, नाही का?

आणि दक्षता पथक काय विचारतं? जमातीच्या दाव्यात कुलदैवत कोणतं, लग्न कसं लागतं, मूल झाल्यावर काय करता, माणूस गेला की पुरता की जाळता, असले प्रश्न. याला अॅफिनिटी टेस्ट म्हणतात, म्हणजे हा माणूस खरोखर त्या जमातीचा वाटतो का याची परीक्षा. माथेरानच्या पायथ्याशी आपल्याच तालुक्यात माळडुंगे, धोदाणीकडे ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. तिथल्या मुलांच्या आजोबांची नोंद शाळेत कुठून असणार? आजोबा शाळेत गेलेच नव्हते! मग ज्याच्याकडे कागद नाही त्याला घरातलं सगळं उघडं करून दाखवावं लागतं. आणि शिकून पनवेलला राहायला आलेल्या, टीव्ही बघून मोठ्या झालेल्या मुलाला जुने विधी सांगता आले नाहीत तर? २४ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या ठाकूर जमातीच्या एका संघटनेच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की ही परीक्षा म्हणजे शेवटची कसोटी नव्हे, आणि ती प्रत्येक प्रकरणात घ्यायलाच हवी असंही नाही. मला हा निकाल त्या "आवश्यक" शब्दाचा मराठी मुलखातला अर्थ वाटतो. कागदाने काम भागत असेल तर देवघरात शिरू नका.

आता आपला नवा कायदा. इथे मला खरी काळजी वाटते.

२०११ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली "संवेदनशील" माहितीची एक यादी झाली. त्यात पासवर्ड होता, बँकेची माहिती होती, आरोग्य होतं, पण जात नव्हती आणि धर्मही नव्हता. जणू आपल्या देशात पासवर्ड कळला तर घात होतो आणि आडनाव कळलं तर काहीच होत नाही! नंतर निवृत्त न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये मसुदा केला. १९९२-९३ च्या मुंबईतल्या दंगलींची चौकशी केली तेच हे न्यायमूर्ती. त्यांच्या मसुद्यात संवेदनशील माहितीत जात किंवा जमात आणि धर्म हे शब्द स्वच्छ लिहिले होते. कुणाच्या घरावर कोणती पाटी आहे याने काय होतं, ते त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? पण २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यातून "संवेदनशील" हा वर्गच गेला. सगळी वैयक्तिक माहिती एकाच मापात. तुमचा मोबाईल नंबर आणि तुमची जात, कायद्याच्या लेखी सारखीच.

आणि कायदेशीर दाव्याचा "परंतु" आपल्याकडेही आहे, सतराव्या कलमात. कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी माहिती वापरणं आवश्यक असेल तर सूट. "आवश्यक" हा शब्द इथेही आहे, चांगली गोष्ट आहे. पण सूट मिळाली की जवळजवळ सगळंच सुटतं : संमती, आधी कळवणं, काम झाल्यावर पुसून टाकणं, ज्याची माहिती त्याने जाब विचारणं. माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तेवढी उरते. म्हणजे युरोपात दार उघडल्यावर घराचे नियम राहतात, आपल्याकडे मुख्यतः कुलूप राहतं. आणि हे सगळं अंमलात यायलाही वेळ आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यांत मोठ्या जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली आहे.

तुम्ही म्हणाल, बाई, दाव्याची माहिती कोर्टाकडे किंवा समितीकडेच तर जाते, बिघडलं कुठे? बिघडतं ते त्यानंतर आणि त्याच्या आजूबाजूला.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. महसूल, शाळा, जुनी दप्तरं धुंडाळली गेली. जानेवारी २०२४ मध्ये मराठा आंदोलन वाशीला येऊन पोचलं, तोवर ५४ लाख नोंदी सापडल्याचं सरकार सांगत होतं. सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या वेबसाइटवर टाकल्या गेल्या. आरक्षण कुणाला द्यावं याचा वाद मी इथे काढणार नाही, घरात त्यावरून पुष्कळ झालं आहे! पण दोन गोष्टी सांगते. एक, ज्या शेतकऱ्याला पणजोबाची नोंद शोधायला पंधरा खेपा घालाव्या लागल्या असत्या, त्याला ती गावातल्या मोबाईलवर दिसली. हे मोठं काम झालं. दुसरी, स्कॅन केलेल्या पानावर एकट्या त्याच्या पणजोबाचं नाव नसतं. वरच्या आणि खालच्या ओळीत दुसऱ्या घरांची माणसं असतात, ज्यांच्या पोरांनी काहीच मागितलेलं नाही. त्यांना कुणी विचारलं?

याची उलटी बाजूही बघायला हवी. गुप्ततेच्या नावाखाली हक्काचा कागदच नाकारायचा, हीही आपल्याकडची जुनी खोड. रुग्णालयं पेशंटला त्याचेच कागद द्यायला नकार देत, कारण म्हणे ते गोपनीय! मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका प्रकरणात हे साफ अमान्य केलं. गुप्तता पेशंटची असते, ती पेशंटविरुद्धच कशी वापरणार? पुढे २००२ च्या वैद्यक परिषदेच्या नियमांत मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावेत असं आलं. ज्याला दावा लावायचा आहे त्याच्या हातात कागद नसेल तर हक्क हवेत राहतो.

आणि आता नव्या कायद्याने माहिती अधिकारातलं कलमही बदललं आहे. वैयक्तिक माहिती देण्यापूर्वी जनहित तोलायची सोय त्या पोटकलमातच होती, ती नोव्हेंबर २०२५ पासून गेली. जनहितासाठी दुसरं पोटकलम शिल्लक आहे असं सरकार सांगतं. पण टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला "वैयक्तिक आहे" हा एक शब्द मिळाला की तो पुढचं पोटकलम कशाला वाचेल? खोट्या दाखल्यावर नोकरी बळकावलेला माणूस उद्या याच शब्दाच्या आड बसला, तर ज्या आदिवासी मुलाची जागा गेली त्याने दाद कशी मागायची? म्हणून मला भाचीच्या देशातली सरसकट मनाईही आपल्याकडे नको आणि आपली सरसकट मोकळीकही नको. मला तो "परंतु" हवा आहे, पण नीट मोजलेला.

मोजायचा कसा? माझ्या शिक्षकी डोक्याला तीन प्रश्न सुचतात. दाव्याला हे लागतंच का? निकाल देणाऱ्याखेरीज आणखी कोण बघतंय? आणि काम झालं की हे कपाटात परत जाणार का? शाळेत आमच्या एका मुख्याध्यापकांनी हे कुठलंही कलम न वाचता केलं होतं. पूर्वी जूनमध्ये शिष्यवृत्तीचे फॉर्म भरताना काही वर्गांत सरळ ओरडून विचारत, "सवलतवाले हात वर करा!" हात वर करणाऱ्या पोरांच्या माना खाली असत. सवलत तर त्यांच्या हक्काची! त्या मुख्याध्यापकांनी हे बंद केलं. यादी रजिस्टरवरून क्लार्कने करायची, मुलांना एकेकटं बोलवायचं, फॉर्म बंद पाकिटात. शिष्यवृत्ती एकाचीही बुडाली नाही आणि वर्गात कुणाची मानही खाली गेली नाही. एवढं सोपं होतं ते!

मला वाटतं, सगळ्यात आधी शाळा सोडल्याच्या दाखल्यातून जात वेगळी काढावी. हा दाखला आज जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालतो. कॉलेज, बँक, पासपोर्ट, खासगी नोकरी... जिथे जातीचा काडीचाही संबंध नाही तिथेही त्याच्या झेरॉक्सबरोबर जात जाते. तिथे कसला दावा आहे? कुणाचा हक्क अडला आहे? साहेब झेरॉक्सवरची जन्मतारीख बघायच्या आधी दुसरा रकाना बघतात, हे ज्यांनी भोगलं आहे त्यांना विचारा. जातीची नोंद रजिस्टरमध्ये कायम असू द्या, खाडाखोड न करता. ज्याला दाखला काढायचा आहे, पडताळणी करायची आहे, त्याला मागेल तेव्हा, अडवणूक न करता तेवढा एका ओळीचा उतारा द्या. अख्ख्या पानाचा फोटो नको, शेजारच्या ओळी झाकून द्या. बाकी सगळ्यांसाठी नाव, जन्मतारीख, इयत्ता एवढ्यावर भागतं.

पडताळणीच्या फायलींचंही तेच. एकदा वडिलांचा दावा वैध ठरला की मुलाला पुन्हा सगळी वंशावळ, सगळे जबाब, कुलदैवत आणि मयताचे विधी का सांगायला लावायचे? फसवणुकीचा संशय असेल तर जरूर उकरा. नसेल तर फाईल बांधून ठेवा.

यासाठी दिल्लीला कायदा बदलायची वाट बघायला नको. पुष्कळसं आपल्या शाळा, तहसील आणि वकील मंडळींच्या हातात आहे, आणि थोडं आपल्याही. घरातल्या मुलांना एवढं जरूर सांगा : कुणी दाखल्याची प्रत मागितली तर आधी विचारा, कशासाठी हवी? जन्मतारखेसाठी हवी असेल तर जन्माचा दाखला द्या. दाव्यासाठी वकिलाकडे बाड द्यायचं असेल तर आधी स्वतः चाळा, लागणारी पानं वेगळी काढा आणि बाकीच्यांबद्दल वकिलाला स्पष्ट विचारा, की ही लावायलाच हवीत का? झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेली प्रत तिथल्या टोपलीत टाकून येऊ नका. आणि फॅमिली ग्रुपवर आजोबांच्या रजिस्टरचं पान कौतुकाने टाकण्याआधी त्यावरच्या बाकीच्या नावांवर एकदा नजर टाका. ती कुणाची तरी आजोबा-पणजोबा मंडळी आहेत.

तुमच्याकडे, विशेषतः परदेशातल्या आपल्या मुलांकडे किंवा कोर्टकचेरीत असणाऱ्यांकडे, याबाबत काही वेगळा अनुभव असेल तर मला जरूर कळवा. वकील मंडळींनी माझं कुठे चुकतंय तेही सांगावं. उत्तर द्यायला जरा उशीर होतो, डोळ्यांचं काम आहे, पण देते मी सगळ्यांना.